धावड्याचा दांडा

आंजीतल्या त्या सुताराविषयी मी गावभर वाईट बोललो आहे, म्हणून खरं काय ते लिहितो. कुऱ्हाडीचा दांडा तो धावड्याचाच करतो. हे लाकूड जड आणि चिवट. वाळलं की खिळाही शिरत नाही. म्हणून तो ते ओलं असतानाच तासतो, टोकांना शेण लावून सावलीत वाळवतो. मग दांडा पारखायला दोन दगडांवर आडवा ठेवून त्यावर चक्क नाचतो.

माझा दांडा असाच मोडला.

"मोडला काऊन?" मी ओरडलो.

"आत चीर होती काकाजी. इथं मोडला म्हणून पाय वाचला तुमचा!" तो हसला.

मी मात्र त्याचं लाकूड कुजकं म्हणून सांगत फिरलो. त्याचं गिऱ्हाईक तुटलं.

परवा जाऊन त्याला हे सांगितलं. तो उठला. मग नवा दांडा दगडांवर ठेवून म्हणाला, "चढा."

"या वयात?"

"माह्यावर नाई, तर लाकडावर तरी भरवसा ठेवा."

त्याच्या खांद्याला धरून मी चढलो. दांडा जरा लवला, पण मोडला नाही.

"आता हे बी गावभर सांगजा," तो म्हणाला.

मला खाली उतरावंसंच वाटेना.