कोरड्या नदीचं गणित

सरांनी फळ्यावर मोठं शून्य काढलं आणि मला त्याच्या शेजारी उभं केलं. तास संपेपर्यंत.

शहाण्णव साल. सांगलीचं कॉलेज, अकरावी सायन्स. सापेक्ष वेग चालू होता. गणित असं: नदी वाहते आहे, नावाड्यानं नाव सरळ समोरच्या काठाकडं धरली, तर ती कुठं लागेल? सरांनी मला उठवलं. मी म्हणालो, "बरोबर समोर."

"मग पाणी कुठं गेलं?"

"सर, आमच्या नदीत पाणी नसतं."

वर्ग हसला. मी विनोद केला नव्हता. मी माण तालुक्यातला. आमची नदी म्हणजे वाळू. शाळेला जाताना रोज ती चालत ओलांडली आणि रोज बरोबर समोर निघालो.

"सवलतीवर आलास ना? मग तुझ्यावरूनच शिकू," सर म्हणाले. वर्गाकडं वळले. "याच्या वेगातून सवलत वजा करा. काय उरलं?"

"शून्य, सर." मागून कुणीतरी.

तेच त्यांनी फळ्यावर काढलं. तास संपल्यावर म्हणाले, "आर्ट्सला जा. सोमवारी अर्ज घेऊन ये."

सांगणार कुणाला? आमच्या घरातून कॉलेज पाहिलेला मी पहिला. आई गावी रोजगार हमीवर खडी फोडत होती. निघताना एवढंच म्हणाली होती, "काय कळंना झालं तर मला इचारू नगंस, बाबा. मला न्हाई कळायचं."

संध्याकाळी कृष्णेच्या घाटावर गेलो. पोटऱ्यांएवढ्या पाण्यात उभा राहिलो. पाणी पाय ओढत होतं. एवढं ओढतं, हे मला खरंच माहीत नव्हतं. रडू आलं. समोरून एक नाव सुटली. तिचं तोंड पलीकडच्या काठाकडं नव्हतं. तिरपं, वरच्या अंगाला होतं. ती बरोबर समोर लागली.

तेव्हा आईचा झिरा आठवला. उन्हाळ्यात ती नदीच्या वाळूत खड्डा खणायची आणि झिरपेल तेवढं पाणी वाटीनं भरायची. गावाचे झिरे वरच्या अंगाला. आम्हा बौद्धांचा खालच्या. एकदा आईनं वर खणला. सकाळी तो वाळूनं बुजवलेला होता. आई घागर उचलून खाली गेली.

नदीत थेंब नव्हता, तरी वर-खाली ठरलेलं होतं. म्हणजे आमची नदीही ओढत होती. ते ओढणं मी गणितात धरलं नव्हतं. सरांनीही नाही.

सोमवारी सरांनी हात पुढं केला. "अर्ज?"

"न्हाई आणला, सर. मी सायन्सलाच राहणार."

"नापास होशील."

"होईन. परत बसेन."

वर्ग पुन्हा हसला. या वेळी मी मान खाली घातली नाही.

बारावीला फिजिक्समध्ये मी खरंच नापास झालो. परत बसलो. आता, नव्व्याण्णव साली, बीएस्सीला आहे. पाणी अजून ओढतं.

सर, माझा वेग मोजायचाच असेल, तर आईच्या झिऱ्यापासून मोजा. तुमच्या खुर्चीपासून मी मोजू देणार नाही.