निंबावरची पिशवी
दोन हजार आठ साल, मी बावन्न वर्षांचा. सुरतेत झाडांवर बॉम्ब सापडत होते, तरी पांडेसऱ्याच्या आमच्या कापड रंगवायच्या मिलबाहेर मी रोजच्यासारखी जेवणाची पिशवी निंबालाच टांगली. वॉचमन म्हणाला, “काका, आजकल पेड पे कुछ मत टांगो.” मी म्हणालो, “वीस वर्षं टांगतोय, तू कालचा आलास.” दहाच्या सुमारास बोंब उठली, झाडावर बॉम्ब आहे. रंगाने माखलेले आम्ही सगळे बाहेर पळालो, आणि बघतो तर एक हवालदार लांब बांबू घेऊन माझ्याच पिशवीकडे चाललेला. दर दोन पावलांनी तो थांबून मागे बघत होता. ‘माझी आहे’ एवढंच ओरडायचं होतं. पण मला उचलून नेतील, धड वाचता न येणाऱ्या कागदावर सही घेतील, या भीतीने तोंडच उघडेना. पिशवी खाली पडली, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी मातीत घरंगळल्या. “कोणाचा रे हा बॉम्ब? ठेचा पण आणलाय का?” कोणीतरी म्हणालं, लोक हसले. हवालदार मात्र तिथंच खाली बसला आणि त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी चौकीत गेलो आणि त्याच्यासमोर उभा राहून म्हणालो, “साहेब, ती पिशवी माझी होती.”