धनुष्य न विकणारे मामा

दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाला काहीही न विकता, वर चहा पाजून, खुशीत परत पाठवण्याची विद्या या भूतलावर एकाच माणसाला अवगत आहे, आणि तो माणूस म्हणजे माझ्या बायकोचे सख्खे मामा. परभणीत स्टेशनकडून येणाऱ्या रस्त्याला फुटलेल्या एका बोळात त्यांचं धनुष्यबाणांचं दुकान आहे. होय, धनुष्यबाणांचंच. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला ही थट्टा वाटते. रिक्षावाल्याला पत्ता सांगितला तर तो आधी "म्हणजे नाटकाचं सामान का?" असं विचारतो आणि मग स्वतःच म्हणतो, "आच्छा, माप घेणारे मामा! बसा की."

हे मापाचं प्रकरण सांगितल्याशिवाय मामा कळायचे नाहीत. मामा मूळचे टेलर. तयार कपड्यांनी त्यांचं मशीन थंड पाडलं त्या सुमारास एका शाळेच्या क्रीडाशिक्षकांनी पोरांसाठी बाणांचे भाते शिवून मागितले. मामांनी शिवून दिले आणि पाठीवर नीट बसतात की नाही ते बघायला स्वतः मैदानावर गेले. तिथे त्यांना जे दिसलं त्याने त्यांच्यातला टेलर कळवळला. बुटकी पोरं उंच धनुष्यांशी झुंजत होती, लांब हातांची पोरं आखूड धनुष्यं ओढत होती. "जावईबापू, एका घरच्या चौघा भावांनी बापाच्या एकाच विजारीत शिरावं, तसं दिसायलतं ते," असं मामा मला सांगायचे. मशीन कोपऱ्यात सरकलं, भिंतीवर खुंट्या ठोकल्या गेल्या, आणि तिथे कोटांऐवजी धनुष्यं लटकू लागली. गळ्यातला टेप मात्र गळ्यातच राहिला. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे आणि गळ्यात टेप, या दोन गोष्टींशिवाय मामांना मी कधीच पाहिलेलं नाही.

लग्नानंतर मी पहिल्यांदा त्यांच्या पाया पडायला गेलो, तेव्हा आशीर्वादाच्या आधी त्यांनी मला दोन्ही हात पसरून उभं केलं. या बोटाच्या टोकापासून त्या बोटाच्या टोकापर्यंत टेप लावला, धनुष्याची दोरी किती ओढता येईल ते काढायला मनातल्या मनात अडीचने भागलं आणि बायकोकडे वळून म्हणाले, "हात लांब हायत गं. पण खांदा लय आळशी हाय. संभाळून घे." माझ्या स्वभावाचं इतकं नेमकं वर्णन पुढे कुणालाही जमलेलं नाही.

दुकानात कुणीही आलं की मामा एकच प्रश्न विचारत. "काय पायजे तुमाला?" गिऱ्हाईक अर्थातच म्हणे, धनुष्य पाहिजे. मामा मान हलवून म्हणत, "ते झालं. पण पायजे काय?" एकदा पाथरीकडचे एक शेतकरी आले होते. रानडुकरांनी हरभरा उकरून टाकला म्हणून त्रासलेले. मामांनी तीनदा विचारल्यावर ते चिडून म्हणाले, "मला डुकरं नको हायत हो!" मामा खुलले. "मग डुकरं नकोत म्हणा की! त्याला बाण कामून मारायलाव?" आणि आत जाऊन त्यांनी टेलरकीच्या काळातलं रंगीबेरंगी चिंध्यांचं एक पोतं काढून दिलं. बांधाभोवती दोऱ्या ताणा, चिंध्या बांधा, वाऱ्यावर फडफडल्या की डुकरं बिचकतात. शेतकरी पोतं डोक्यावर घेऊन गेले आणि हंगामात हरभऱ्याच्या ढाळ्यांचा एक भारा दुकानात टाकून गेले. एवढ्या वर्षांत मामांच्या दुकानातली मोठी उलाढाल म्हणावी तर ही.

लग्नाआधी फोटो काढून घ्यायची पद्धत निघाली तशी वेगळीच गिऱ्हाइकं येऊ लागली. एका नवरदेवाला राजपुत्राच्या वेषात धनुष्य ताणलेला फोटो हवा होता. मामा म्हणाले, धनुष्य फुकट न्या, पण चुकीचं धरलेलं मला चालणार नाही. मग बोळात तासभर शिकवणी चालली. फोटोवाला ओट्यावर झोपून गेला. फोटो आला तेव्हा नवरदेवाची पाठ ताठ, हनुवटी जागेवर आणि नजर दूर निशाणावर खिळलेली. शेजारी एवढी नटूनथटून उभी असलेली नवरी त्याला दिसतच नव्हती. ती फार रुसली म्हणतात. मामांनी तो फोटो मोठा करून भिंतीवर लावला. एका पुढाऱ्याचे कार्यकर्ते सत्कारासाठी चकचकीत धनुष्य मागायला आले, तर मामांनी शांतपणे सांगितलं, "सायबांना घेऊन या. माप घ्यावं लागंल." आणि एका पोराचे वडील सरळ विचारते झाले, "सर्टिफिकेट मिळंल असं कोणतं हाय?" मामा म्हणाले, "तसलं बनायचंय अजून."

स्वतः मामांना मात्र बाण मारता येत नाही, हे त्यांच्या कीर्तीला लागलेलं गालबोट. त्यांच्या हातून सुटलेला एकमेव बाण मी पाहिला. तो निशाणाला टाळून, भिंत ओलांडून शेजारच्या गच्चीवर वाळत घातलेल्या उडदाच्या पापडांत घुसला. मामांनी हात जोडून शेजारणीची क्षमा मागितली आणि पुन्हा धनुष्याला नेम धरायला म्हणून हात लावला नाही. त्यांची सगळी हौस बघण्यातली. रोज संध्याकाळी दुकान ओढून घ्यायचं आणि मैदानावर जाऊन पोरांच्या मागे सिमेंटच्या पायरीवर बसायचं. "कोपर!" एवढंच ओरडायचं.

त्या पोरांमध्ये त्यांची फार लाडकी एक मुलगी होती. त्यांच्याच बोळाच्या तोंडाशी असलेल्या पिठाच्या गिरणीवाल्याची. बारा वर्षांची असताना बापाने तिला दुकानात आणलं, मामांनी माप घेतलं, आणि आयुष्यात क्वचित करतात ती गोष्ट केली: धनुष्य विकलं. बांबूचं, हलकं, वाढत्या अंगाचं म्हणून जरा लांबच, मुठीला मामांनी स्वतः सुती कापड गुंडाळून शिवलेलं. पुढे सहा वर्षं ती पोरगी रोज मैदानावर यायची आणि मामा रोज पायरीवर असायचे. जिल्ह्याला जिंकली, विभागाला गेली, राज्याला जाऊन आली. मामा कुठेही गेले तरी तिचीच गोष्ट सांगत. आमच्या घरी बारशाला आले होते, तेव्हा पाळण्यातल्या बाळापेक्षा त्या पोरीचं कौतुक जास्त झालं.

दोनेक वर्षांपूर्वी एके दुपारी गिरणीवाला ते धनुष्य घेऊन दुकानात आला. मी त्या दिवशी तिथेच होतो. अंगावर पीठ, चेहरा पडलेला. म्हणाला, "मामा, हे तुमच्याकडं राहू द्या. कुणाला बी देऊन टाका."

"कामून? काय झालं?"

"पोरीचं लग्न ठरलंय. ताडकळसला. घर लय चांगलं हाय. पण पोरगी हे बघितलं की रडायली. घरात नको वाटायलंय."

मामांनी ते धनुष्य दोन्ही हातांत घेतलं, जसं कुणी आजारी पोर घ्यावं. बाप गेल्यावर मुठीवरचं सैल झालेलं कापड त्यांनी बोटाने नीट बसवलं. मग एकदम उठले. "जावईबापू, गाडी काढा. ताडकळसला जायचंय."

मी हादरलोच. कुणाच्या ठरलेल्या लग्नात, मुलीच्या बापाला न सांगता, मुलाच्या घरी जायचं! तिकडच्यांना हे पसंत पडलं नाही तर सोयरीक मोडेल, आणि मग गिरणीवाल्याला तोंड कसं दाखवणार? फोनवर बायकोही हेच ओरडत होती. मामांचं एकच चाललं होतं. "पोरगी रडायली, जावईबापू. तिकडच्यांनी मना केलं असंल. मी हात जोडतो त्यांच्यापुढं." शेवटी मी गाडी काढली. मागे मामा, त्यांच्या मांडीवर आडवं धनुष्य, पाठीला बाणांचा भाता. बाजाराचा दिवस होता, रस्त्यावर बैलं, बकऱ्या, भाज्यांच्या पाट्या, आणि जो तो मामांकडे बघून बाजूला होत होता.

मुलाचं घर गावाच्या कडेला, मागे गोठा आणि कडब्याची गंजी. मुलगा आणि वडील बाजाराला गेलेले. मुलाची आई एकटीच घरी होती. पन्नाशीला टेकलेली, उंच, म्हशीची धार काढून नुकतीच उठलेली. तिने पाणी दिलं आणि मामांच्या मांडीवरच्या वस्तूकडे बघत राहिली. मामांनी हात जोडून लिंगायती नमस्कार केला. "अक्का, शरणार्थ. तुमच्या होणाऱ्या सुनंचं हे धनुष्य हाय. राज्याला जाऊन आलेली पोरगी हाय. लग्नानंतर तिला हे चालवू द्या. मोडू नका तिचं मन."

बाई म्हणाली, "आमाला हे कुणी सांगितलंच न्हाई. आमी कशाला मना करू?"

मामांचे जोडलेले हात तसेच राहिले. तेवढ्यात ती पुढे झाली. "बघू का जरा?"

मामांनी सवयीने तिला हात पसरायला सांगितलं. टेप लावला आणि एवढे लांब हात बघून ते थबकले. त्यांनी पुन्हा मोजलं. मग तिच्या हातात धनुष्य दिलं, बाण लावून दिला आणि दोरी कशी धरायची ते दाखवलं. बाईने पदर खोचला, दोरी एका दमात गालापर्यंत ओढली, आणि बाण सुटला तो गंजीत अर्ध्यापर्यंत रुतला. तिने तोंडावर हात ठेवला आणि मग अशी हसली की गोठ्यातली म्हैस मान वळवून बघू लागली.

"कुठं शिकलाव हे?" मामांनी विचारलं.

"कुठं शिकणार? माहेर माझं राणीसावरगावचं. लहानपणी आई-बापासंगं ऊसतोडीला जायचो आमी. मी मोळ्या बांधायची. ओढायची सवय हाय हाताला, तेवढंच." मग जरा घुटमळून म्हणाली, "राहू द्या की हे हितंच. पोरगी आली की चालवंल."

परतताना मामा मागे बसून रस्ताभर बोलत होते. गाडी त्यांनी थेट गिरणीपाशी थांबवायला लावली. पोरगी जात्यापाशी एकटीच होती. तिने गिरणी बंद केली. मामांनी धापा टाकत सगळं सांगितलं. सासू चांगली आहे, कुणाचीही मनाई नाही, धनुष्य तिकडे तुझी वाट बघतंय.

पोरगी खाली बघत राहिली. म्हणाली, "मामा, मला ते नको हाय."

"आगं पण रडायलतीस ना?"

"धनुष्य सुटलं म्हणून न्हाई रडले." मग ती एकदम बोलत सुटली. "बाबाला सर्टिफिकेट पायजे होतं. सरांना मेडल पायजे होतं. सहा वर्षं मी एक संध्याकाळ कुणा पोरीच्या घरी गेले न्हाई. आता लग्नाला बोलवायला म्हणून यादी करायला बसले, तर एक मैत्रीण न्हाई मला. ते दिसलं की तेवढंच आठवतं."

"मग आधी सांगायचं न्हाईस?"

"तुमाला कसं सांगू? तुमी रोज येऊन पायरीवर बसायचे. एवढ्या कौतुकानं बघायचे."

मी मामांकडे बघितलं. आल्यागेल्याला तीनतीनदा विचारणाऱ्या त्या माणसाने बारा वर्षांच्या पोरीला एकदाही विचारलेलं नव्हतं. माप घेतलं त्या दिवशी विचारलं होतं ते बापाला. मामांनी तिच्या पिठाळलेल्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "चुकलो गं पोरी. शिव शिव. लय चुकलो." ती म्हणाली, "तुमी कामून रडायलाव आता?" आणि मग दोघंही रडले.

मामांनी चार दिवस दुकान उघडलं नाही. पाचव्या दिवशी उघडलं तेव्हापासून नवीन नियम निघाला. पोरगं घेऊन कुणी आलं, की आईबापांना समोरच्या टपरीवर चहाला पाठवायचं आणि आत फक्त पोराशी बोलायचं. निम्मी पोरं सांगतात, मला क्रिकेट पाहिजे, चित्रं काढायची आहेत, काहीच नको, झोपायचं आहे. मग मामा बाहेर येऊन आईबापांना सांगतात, याच्या मापाचं नाही आपल्याकडे. विक्री होती त्याहून कमी झाली आहे.

लग्न ठरल्याप्रमाणे झालं. पोरगी सुखात आहे. गल्लीतल्या पाचसहा जणींशी तिची गट्टी जमली आहे आणि दुपारी त्या मिळून शेवया करतात. धनुष्य चालवते ती तिची सासू. घरचं आवरून, सुनेने बांधून दिलेला डबा घेऊन, महिन्यातून दोनदा ती बसने परभणीला येते. तिला मेडल नको, सर्टिफिकेट नको. मैदानावर दोन तास बाण मारते, पोरांसारखी हसते आणि म्हशीच्या वेळेला घरी परतते. मामा पायरीवर बसतात. कोपर असं ओरडायची वेळ तिने त्यांच्यावर अजून आणलेली नाही.

गेल्या महिन्यात मीही तिला स्टँडवर सोडायला गेलो होतो. कापडात गुंडाळलेलं धनुष्य खिडकीशी उभं धरून ती बसली, मामांना हात हलवला, आणि बस वळणावर दिसेनाशी झाली. मामा तिथेच उभे राहिले.

"चांगला हात आहे बाईंचा," मी म्हणालो.

"चांगला?" मामा म्हणाले. "एवढ्या वर्षांत असा हात मी बघितला न्हाई." गळ्यातला टेप त्यांनी बोटाभोवती गुंडाळला. मग अगदी हळू आवाजात म्हणाले, "बारा वर्षांची असताना ही पोर उसाच्या फडात मोळ्या बांधायलती, जावईबापू. तवा मी हितंच होतो की परभणीत. तिच्या माहेरापासनं दोन तासाच्या वाटंवर."