म्हशीपर्यंत पोचलेली हाक

श्रीजगदंबेला वंदन करून, राजारामपुरीतील दवाखान्यात भेटलेल्या एका अनोळखी शेतकऱ्याविषयी लिहितो.

त्यांच्या घशातील कर्करोग आरंभीच सापडला. डॉक्टरांनी लेसरने तो काढून काही दिवस मौन सांगितले होते. ओळखीची हाक बंद झाल्याने घरची म्हैस दूध देईना. दोन्ही मुठींनी हवेत धार काढून, मान हलवून त्यांनी मला ते समजावले.

त्या दिवशी बोलण्याची अनुज्ञा मिळताच त्यांनी पत्नीला फोन लावला. "म्हशीच्या कानाला धर की!" मग घोगऱ्या स्वरात म्हणाले, "चंद्रे, ये गं बाय!"

थोड्या वेळाने फोनमधून पत्नीचा मोठा आवाज तिथे बसलेल्या आम्हा साऱ्यांना ऐकू आला:

"अवं, मला वाटलं कोण पावणं बोलतंय! पर हिनं वळकलं, पान्हा सोडला की!"

वाचकहो, आपल्या घरातील प्रत्येक कंठ निरामय राहो, आणि त्याची हाक ओळखणारे सदैव जवळ असोत.