विनयाची काळी जीभ

विनयाच्या जिभेवर काळा डाग आहे म्हणे. मी इतकी वर्षं न्यूझीलंडात, ऑकलंडच्या पापाटोएटो भागात तिच्या शेजारी राहतेय, ती तोंड भरून हसते तेव्हाही मला तो दिसला नाही. आमच्या मराठी मंडळातल्या बायकांना मात्र बरोबर दिसतो.

ती मूळची साताऱ्याची, नर्स. इथे मुलांच्या इमर्जन्सीत काम करते. दिवसभर भाजलेली, पडलेली, काहीबाही गिळलेली पोरं बघायची, आणि संध्याकाळी कुणाच्या घरी गेली की आधी किटलीची लोंबती वायर आत सरकवायची. "मूल ओढेल हे," म्हणायची. झालं. तिला बोलावणं कमी व्हायला तेवढं पुरलं. त्यात एका घरी तिचं म्हणणं खरं झालं, मग तर विचारूच नका.

तिची सिद्धी कॉलेजात ग्रीक पुराणं शिकायची. एकदा म्हणाली, "मम, यू आर लाइक दॅट प्रिन्सेस." कोण गं, म्हटलं, तर कुणी राजकन्या. तिला पुढचं दिसायचं, पण देवाने शाप दिला की ते कुणालाच पटणार नाही. विनया पोळ्या लाटत होती. म्हणाली, "मला कुठला देव भेटलाय? मला रोजची पोरं दिसतात, बाकी काही नाही."

२००६ साली मंडळातल्याच इंद्रनील आणि कौमुदीने शहराबाहेर, पुकेकोहेच्या वाटेवर घर घेतलं. मागे स्विमिंग पूल, त्याला कुंपण, आणि स्प्रिंगवर आपोआप लागणारं फाटक. इंद्रनीलची आई, आशालताकाकू, पुण्याहून राहायला आलेल्या. ऑकलंडच्या गारठ्यात तुळस जगवायची म्हणजे दिव्यच, आणि त्या घराचं सगळं ऊन पूलपाशी. काकूंनी कुंडी तिथे नेली. पाणी घालायला जाताना फाटक अंगावर येतं म्हणून तीच कुंडी फाटकाला टेकवून ठेवली. फाटक कायमचं उघडं.

वास्तुशांतीच्या दिवशी विनया ती कुंडी हलवायला वाकली. "तुळशीला हात लावू नकोस," काकूंनी दटावलं. तेव्हा विनया सगळ्यांसमोर सरळ म्हणाली, "काकू, यशोधन दोन वर्षांचा आहे. या पाण्यात बुडेल तो."

"शुभ बोल रे नाऱ्या," कुणीतरी पुटपुटलं. कौमुदी पांढरीफटक पडली. म्हणाली, "माझ्या घरात, माझ्या मुलाबद्दल असं बोललीस? वास्तू तथास्तु म्हणते, ठाऊक नाही तुला?" विनया त्यानंतरही फोन करून फाटकाचं विचारायची. शेवटी कौमुदीने तिचा फोन उचलणं सोडलं.

जानेवारीत, भर उन्हाळ्यात, यशोधन पूलमध्ये सापडला. ॲम्ब्युलन्सने त्याला आणलं ते विनयाच्याच ड्युटीवर. तिचे हात त्याच्या छातीवर असताना कौमुदी आत आली आणि किंचाळली, "हिला बाहेर काढा. हिनेच खाल्लं माझ्या बाळाला." विनयाने दुसऱ्या नर्सला जागा दिली आणि बाहेर भिंतीशी उभी राहिली. मूल गेलं. मंडळात निकाल लागला: विनया बोलली आणि वास्तूने ऐकलं. अरे मेल्यांनो, ऐकायचं तुम्ही होतं. विनया रडलीसुद्धा नाही. ड्युटीवर जायची, घरी येऊन भांडी घासायची.

चार दिवसांनी मी खिचडीचा डबा घेऊन कौमुदीकडे गेले. घर भेटायला आलेल्या माणसांनी भरलेलं, त्यांची पोरं मागच्या हिरवळीवर. आणि फाटक उघडं. कुंडी तिथेच. सुतकात तुळशीला शिवायचं नसतं, म्हणून कुणी ती हलवलीच नव्हती.

असा संताप आला म्हणून सांगू. मला कुठलं आलंय सुतक? दोन्ही हातांनी कुंडी उचलली आणि बाजूला ठेवली. फाटक खाडकन लागलं.

"तुळस कुणी हलवली?" काकूंनी मागच्या लाकडी डेकवरून विचारलं. रडून रडून त्यांचा आवाज बसला होता.

"मी. पोरं खेळतायत इथे, काकू. अजून एखादं बुडेल."

बायकांनी माना फिरवल्या. त्यातली एक म्हणाली, "शकुताई, निदान या घरात तरी शुभ बोला."

मी गाडीत बसून विनयाला फोन लावला. ती ना कौमुदीबद्दल बोलली, ना काकूंबद्दल. एवढंच विचारलं, "फाटक लागलं का गं?"

"लागलं," मी म्हटलं.

तेव्हा कुठे ती रडली.