तुमचा सण तिकडचा

इंग्लंडमधल्या ज्या हॉस्पिटलात मी नर्स आहे, तिथे डिसेंबरच्या ड्यूट्या ऑक्टोबरातच लागतात. पहिल्या वर्षी माझ्या नावापुढे पंचवीस तारखेची दिवसपाळी आली तेव्हा मी काही बोलले नाही. नव्या माणसाच्या वाट्याला हे येतंच. दुसऱ्या वर्षीही तेच. तिसऱ्या वर्षी मात्र मी वॉर्डाच्या मुख्य बाईंकडे गेले आणि म्हटलं, यंदा मला नाताळची सुट्टी हवी.

त्या वाईट नाहीत. माझा पाय मुरगळला होता तेव्हा स्वतःच्या गाडीतून त्यांनी मला घरी सोडलं होतं. त्या हसून म्हणाल्या, "अगं, दिवाळीला दिली असती की. तू मागितलीच नाहीस."

"मी ख्रिश्चन आहे," मी म्हटलं.

"हो? इथे आल्यावर झालीस का?"

माझे पणजोबा उमरेडला हातमागावर लुगडी विणायचे आणि रविवारी माग बंद ठेवून चर्चला जायचे. एबीसीडीच्या आधी मला प्रभूची प्रार्थना पाठ होती, तीही मराठीत. हे सगळं त्यांच्या टेबलावर आदळावंसं वाटलं. तोंडून निघालं ते एवढंच, "नाही, आधीपासूनच." त्या "किती छान" म्हणाल्या. सुट्टी दिली नाही. ज्यांना लहान मुलं आहेत त्यांचा नंबर आधी, म्हणाल्या.

त्या दिवशी घरी येऊन मी कुकर लावला, आणि डाळ शिजेपर्यंत त्यांना मराठीत मनसोक्त शिव्या दिल्या. पण राग काही उतरला नाही.

त्या नाताळला पाळी संपल्यावर माझ्याबरोबरच्या एका नर्सने मला तिच्या घरी जेवायला नेलं. डोक्यावर घालायला कागदी मुकुट दिला, ताट भरून वाढलं. टर्की कोरडी होती, बटाटे चांगले होते. टीव्ही चालू होता. तिचे वडील खुर्चीतच झोपले. मी सहज विचारलं, "तुम्ही सकाळी कुठल्या चर्चला गेला होता?" तर सगळे एकमेकांकडे बघून हसले. टिंगल नव्हती, मी काहीतरी गोड बोलले असं त्यांना वाटलं. आजी गेल्यापासून त्या घरातलं कोणी चर्चमध्ये गेलं नव्हतं. तरी सण त्यांचा. त्यांना कोणी विचारणार नाही, कधीपासून झालात म्हणून.

पण त्याच्याच आदल्या दुपारी दुसरंही घडलं होतं. माझ्या गल्लीच्या टोकाला दगडी चर्च आहे. तिथे मी उपासनेला गेले तर कोट घातलेले दहा-बारा म्हातारे बसलेले. थंडी इतकी की तोंडातून वाफ निघत होती. इंग्रजी गाण्यांचे शब्द मला येत नव्हते, पण दोन चाली आमच्याच होत्या. मी हळू आवाजात मराठी शब्द म्हणत राहिले. शेजारच्या म्हातारीने पुस्तक माझ्याकडे सरकवलं आणि बोट ठेवून ओळ दाखवली. कुठून आलीस, काय करतेस, काही विचारलं नाही. नागपूर सोडल्यापासून इतकं घरचं मला कुठेच वाटलं नव्हतं. बाहेर आल्यावर मला त्याचाही राग आला. आपल्या माणसांना सोडून या परक्या थंडीत आपल्याला बरं वाटतंच कसं?

म्हणून पुढच्या वर्षी उन्हाळ्याची सगळी रजा वाचवली आणि डिसेंबरात नागपूरला आले.

आई-बाबा आता शहरात फ्लॅटमध्ये राहतात. बाबा खापरखेड्याच्या वीज केंद्रात फिटर होते आणि माझं सगळं लहानपण तिथल्या कॉलनीत गेलं. वाळत घातलेल्या कपड्यांवर राखेचा पातळ थर बसायचा, तो झटकून कपडे आत घ्यायचे. आमच्या क्वार्टरांच्या लायनीत ख्रिश्चन घर आमचं एकटंच. नाताळच्या आधी बाबा बांबूच्या कामट्या आणि पतंगाचा कागद घेऊन चांदणी करायचे आणि अंगणात उंच बांबूला टांगायचे. आई करंज्या, अनारसे, शंकरपाळे करायची. ताटं भरून लायनीतल्या प्रत्येक घरी जायची आणि ती संक्रांतीला तिळगूळ घेऊन परत यायची. केक तेवढा बेकरीतून भाजून आणायचा. चर्चच्या मंडळीची, दारोदार नाताळची गाणी म्हणणारी फेरी नागपूरहून टेंपोत बसून यायची, बाबा ढोलक घेऊन पुढे, आणि पाळीवरून सुटलेले लोक सायकल धरून ऐकत उभे राहायचे. मी तिकडे ज्याला घर म्हणून आठवत होते ते हे होतं.

फ्लॅटवर आले तर बाल्कनी रिकामी. चांदणी हॉलमध्ये, टीव्हीच्या वर, भिंतीला चिकटवल्यासारखी लटकत होती.

"ही आत काहून?" मी विचारलं.

"बाहेर वारा लय आहे," बाबा म्हणाले.

आई स्वयंपाकघरातून ओरडली, "वारा नाही अन् काही नाही! सोसायटीचा मेसेज आला. बाल्कनीत बाहेरून काही लटकवाचं नाही."

आईने मला दिवाळीत पाठवलेले फोटो माझ्या मोबाइलमध्येच होते. प्रत्येक बाल्कनीत आकाशकंदील. आमच्याही, कारण बाबांना कुठलाच सण वाया घालवायला आवडत नाही. मी चपला घातल्या आणि खाली गेले. आई मागून हाक मारत होती.

सोसायटीचे सेक्रेटरी चाळिशीतले, कपाळाला आठी न पाडता बोलणारे गृहस्थ. त्यांनी मला खुर्ची दिली, पाणी दिलं.

"ताई, बिल्डिंग बाहेरून एकसारखी दिसली पाहिजे. बाकी काही नाही."

"दिवाळीत एकसारखी दिसत होती का?"

"ते सगळ्यांचं असते ना. आता एकाच घरात चांदणी लागली तं लोक विचारतात." मग माझी समजूत काढायला म्हणून ते पुढे म्हणाले, "तसाही तुमचा सण तिकडचा. तुम्ही तं नशीबवान आहात, तिकडे मोठ्या जोरात होत असंन!"

तिकडे मला दिवाळीची सुट्टी देत होते आणि इकडे हे मला तिकडचा नाताळ देत होते. मी उभी राहिले. काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. पणजोबांचा माग आणि खापरखेड्याची लाइन दोन्ही काढलं, हे आठवतं. त्यांना इतिहास येत नाही असंही म्हणाले. आवाज इतका चढला होता की जिन्यात दारं उघडली. ते गृहस्थ मात्र हात जोडून "ताई, शांत व्हा" एवढंच म्हणत राहिले, आणि त्यांच्या त्या शांतपणाने माझं डोकं आणखी फिरलं.

वर आले तर बाबा दारातच उभे होते.

"काहून भांडून राहिली वं तू?"

"तुम्ही काहून नाही भांडले, ते सांगा."

"तू दोन हप्त्यांनी जाशीन विमानात बसून. आमाले इथंच राहाचं आहे. लिफ्ट बंद पडली का त्याच माणसाले फोन करतो मी. तुझ्या आईले चक्कर आली तवा त्याच्याच गाडीत नेलं दवाखान्यात."

"म्हणून त्याने सांगावं का आपला सण कुठला?"

"अन् तुले तिकडे ड्यूटी लावतात तवा काय बोलते तू? तिथं मुकाट्यानं राहते न इथं येऊन शेर होते."

मी खोलीत जाऊन दार लावून घेतलं. बाबांचा राग आला, त्याहून जास्त त्यांचं बोलणं खरं असल्याचा. आईने दोघांशीही बोलणं बंद केलं आणि करंज्यांचं सारण एकटीनेच भरलं.

चोवीस तारखेला संध्याकाळी फेरी यायची होती. आईने तीस-चाळीस जणांचा चहा ठेवला होता. बाबांनी ढोलक काढून ठेवली, अंगात स्वेटर, कानाला मफलर. खालून वॉचमनचा फोन आला, गाणेवाले आलेत पण आत सोडायला मनाई आहे, सेक्रेटरी साहेबांनी सांगितलंय.

मी चपलांकडे गेले तर बाबांनी हात आडवा घातला. "तू थांब," म्हणाले. ढोलक खांद्याला अडकवली आणि जिन्याने उतरू लागले. मी त्यांच्या मागोमाग.

गेटबाहेर आमच्या मंडळीतले पंचवीसेक लोक उभे होते. चर्चचे पाळक, गिटार घेतलेले दोन कॉलेजातले मुलगे, शाली पांघरलेल्या बाया. सेक्रेटरी गेटच्या आत. पुन्हा तोच शांत आवाज. "काका, माझं काही नाही. मुलांच्या परीक्षा आहेत, आवाजाचा त्रास होते म्हणतात लोक."

बाबांना मी आयुष्यात फार वेळा चिडलेलं पाहिलेलं नाही. त्यांचा आवाज चढत नाही, उलट खाली जातो.

"गणपतीत दहाही दिवस तुमच्या आरतीले ढोलक कोण वाजवली?"

"तुम्हीच, काका. त्यात काही वादच नाही."

"तवा आवाज नव्हता का हिचा? हीच ढोलक होती."

वरच्या बाल्कन्यांमधून माणसं डोकावत होती. कुणीतरी वरून ओरडलं, "सोडा ना आत, दहा मिनिटांचं तं काम!" दुसरीकडे एक खिडकी धाडकन बंद झाली. सेक्रेटरींनी वॉचमनला खूण केली. "या, या आत. फक्त दहा मिनिटं, काका."

"नाही," बाबा म्हणाले. "मेहेरबानी नको. आम्ही रस्त्यावर गातो. रस्ता काही सोसायटीचा नाही."

आणि ते बाहेर गेले. रस्त्यावर बांधकामाची वाळू पडली होती, तिच्या कडेने सगळे उभे राहिले. बाबांनी पहिली थाप दिली ती ढोलक फुटेल अशी. पहिलं गाणं गाणं कमी आणि भांडण जास्त वाटलं. मीही गायले. सूर लागत नव्हता. दुसऱ्या गाण्याला जरा ताळ्यावर आलो.

तेवढ्यात आई आली. एका हातात करंज्यांचा मोठा डबा, मागे दुसऱ्या मजल्यावरच्या आजी चहाचं पातेलं दोन्हीकडून फडक्याने धरून. या आजी रामटेकजवळच्या शेतकरी घरातल्या, मुलाकडे राहतात. वाकून वाकून उतरल्या होत्या. पातेलं वाळूच्या ढिगाजवळ ठेवत त्यांनी बाबांना झापलं, "गेल्या साली माझ्या दारासमोर म्हटले होते गाणे. यंदा रस्त्यावर काहून गा? मले ऐकू येते का वरून?"

"तुमच्या सेक्रेटरीले विचारा, आजी."

आजींनी गेटकडे वळून सेक्रेटरींना सगळ्यांदेखत जे सुनावलं ते इथे लिहिता येणार नाही. तो माणूस आत निघून गेला. त्याची बायको मात्र थोड्या वेळाने खाली आली, शेवटचं गाणं होईपर्यंत गेटला टेकून उभी राहिली, आईने दिलेली करंजी तिने घेतली आणि वर गेली.

दुसऱ्या दिवशी उपासना झाली, मटण झालं, वडा-भात झाला, पाहुणे आले. सगळं होतं तसंच होतं आणि तरी मला चैन नव्हतं. प्रत्येक पाहुणा विचारत होता, "तिकडचा नाताळ म्हणजे काय मजा असंन नाही?" पाचव्यांदा ऐकल्यावर मी म्हटलं, "टर्की कोरडी असते." आई हसली. त्या आठवड्यात ती माझ्याशी पहिल्यांदा हसली.

पुढच्या गणपतीत मी इंग्लंडहून फोन केला तर मागून खालच्या मांडवातला गलका. बाबा ढोलक वाजवून नुकतेच वर आले होते. माझा विश्वासच बसेना.

"काहून गेले तुम्ही? लाज वाटत नाही त्या लोकांना?"

"गणपती का सेक्रेटरीचा आहे?" बाबा म्हणाले. "तो बोलवाले आला होता. नजर खाली होती. माफी नाही मागितली. मी गेलो. मले वाजवाले आवडते."

मी फोन ठेवला. आजही मला ते पटलेलं नाही. मी असते तर गेले नसते. पण मी तिथे नसते, हेच तर बाबांचं म्हणणं आहे.

ऑक्टोबरात ड्यूट्या लागल्या. पंचवीस तारखेला माझं नाव. मी मुख्य बाईंकडे गेले आणि बसायला सांगायची वाट न बघता बसले. म्हटलं, "मी चार पिढ्यांची ख्रिश्चन आहे. तुम्ही मला विचारलंत, इथे येऊन झालीस का. ते मला फार लागलं." त्या लाल झाल्या. दोनदा सॉरी म्हणाल्या. पाळी बदलली. मला वाटलं होतं, बोलून टाकल्यावर हलकं वाटेल. तसं काही वाटलं नाही. हे बोलायला मला दोन वर्षं लागली आणि त्यांना सॉरी म्हणायला अर्धं मिनिट, याचाच राग घेऊन मी बाहेर आले.

परवा आईचा फोन होता. तिला खवा किती आणायचा ते ठरवायचं होतं. "येऊन राहिली का नाही, एकदाचं सांग."

"रजा नाही, आई."

"मग तिकडे काय करशीन त्या दिवशी?"

सकाळी दगडी चर्च, दुपारी आमच्या वॉर्डातल्या केरळच्या दोघी नर्स माझ्याकडे जेवायला येणार, मी मटण करणार, असं सांगितलं.

"बरं आहे," आई म्हणाली. "म्हंजे तुले तिकडेही जमून राहिलं."

यात आनंद होता की टोमणा, मला कळलं नाही. मी तडकून म्हटलं, "मग काय उपाशी बसू?" आणि आम्ही दोघी पुन्हा भांडलो, नाताळला अजून महिना असताना.