अण्णांना हुंकार देणारी पेटी

माणसाशी बोलणारं यंत्र मी तेलगावात तयार केलं, तेव्हा घरातलं कुणी माझ्याशी बोलत नव्हतं. यंत्रासाठी मी घरचा टेपरेकॉर्डर फोडला होता. (माझं टेप-टीव्ही दुरुस्तीचं दुकान. दुकानात गिऱ्हाइकांचे टेप ढीगभर, पण चालू असलेला एकच, तो घरचा!)

गरज अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची होती. त्यांना विसर पडायला लागला होता. माझं नाव गेलं, जेवल्याचं गेलं. राहिली एकच गोष्ट, तरुणपणी बैल कसा विकत घेतला त्याची. ती दिवसभर चाले. आता गोष्ट म्हटली की ऐकणाऱ्याने हुंकार द्यायलाच हवा! आई देऊन देऊन थकायची, बायको भाकरी थापता थापता द्यायची. हुंकार चुकला की अण्णा "भिताडाला सांगू का?" म्हणत उठायचे आणि ऐकणारा शोधायला थेट एसटीत बसायचे. एकदा तर कंडक्टरने त्यांना नांदूरघाटाहून परत आणून सोडलं.

हे कडा गावी राहणाऱ्या आत्याला कळलं. अण्णांची ही धाकटी बहीण. आवाज मात्र थोरलीचा. निरोप आला, "तुमच्यानं अण्णा सांभाळणं व्हईना. मी येते अन् घेऊन जाते." आईने डोळ्याला पदर लावला. मलाही गलबलून आलं. अण्णांशिवाय घर म्हणजे काय!

म्हणून पेटी. समोरचा बोलायचा थांबला की आतला टेप माझ्या आवाजात म्हणायचा, "हं. मग?" अर्थ कळायची गरजच नव्हती. ती अण्णांच्या खाटेखाली ठेवली. अण्णा सुरू झाले, "तर त्यो बैल... त्यो..." शब्द आठवायला थांबले, तोच पेटी म्हणाली, "हं. मग?"

"दम धर की बे! घाई कावून?" अण्णा कडाडले.

मी पेटीचा थांबायचा वेळ वाढवला. पुन्हा शिव्या. आणखी वाढवला. शेवटी अण्णांना हवा तेवढा दम पेटीला आला आणि बैल एकदाचा घरी पोचला! अण्णा असे खुलले की एसटी विसरले. (पेटी त्यांच्या घोरण्यालाही "मग?" विचारायची आणि कुकरच्या शिट्टीलाही. पण एवढं चालायचंच.)

आत्या सकाळीच आली ती खाटेसमोर बसली. अण्णांनी नुकतंच तोंडात पान कोंबलं होतं.

"अण्णा, मला वळखलं का?"

"हं. मग?"

आत्या थक्क! (आवाज आमच्याकडे वडिलोपार्जित आहे.) "अगं बाई, चांगले हायेत की! वहिनी, बळंच येडं ठरवलं ह्यांना!"

मग तिने आपल्या सुनांची गाऱ्हाणी काढली. धाकटी टीव्हीपुढून उठत न्हाई. "हं. मग?" थोरली उलटून बोलते. "हं. मग?" आत्याचे डोळे भरले. "इतकं कुणी ऐकून घेतलं न्हाई बघा माझं!"

आणि दुपारी लाइट गेली.

पेटी गप्प. अण्णा चुळबुळले आणि चप्पल शोधायला त्यांनी पाय खाली सोडले. आई कासावीस होऊन माझ्याकडे बघायला लागली. खाटेवरून वाकळ जमिनीपर्यंत लोंबत होती. मी मागच्या बाजूने सरपटत आत शिरलो अन् म्हणालो, "हं. मग?"

अण्णांनी पाय वर घेतले. आत्याला जोर चढला, आणि आता विषय निघाला माझा!

"अन् ह्यो तुमचा पोरगा. शिकून काय दिवे लावले?"

"हं. मग?" मी म्हणालो.

"दुकानात दिलेली वस्तू चालू होऊन आलेली कुणी पाह्यली न्हाई!"

"हं. मग?"

"सून लई गरीब म्हणून टिकली. दुसरी असती तर कवाच माह्यारी गेली असती!"

यावर स्वयंपाकघरातून बायकोनेही एक हुंकार दिला.

संध्याकाळी आत्या एकटीच कड्याच्या गाडीत बसली. जाताना म्हणाली, "ऱ्हाऊ द्या अण्णाला हितंच. त्यांना समदं कळतं." जिंकलो! आईने पेटीला हळदकुंकू वाहिलं. (मला नाही.)

मी जाळीजळमटं झटकत खाटेखालून निघालो. अण्णा माझ्याकडे निरखून बघत होते. म्हटलं, ओळखलं बहुतेक! माझा ऊर भरून आला.

"खालून तू बोलत व्हतास व्हय?"

"व्हय अण्णा, मीच!"

अण्णांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. म्हणाले, "उद्यापासून येऊ नगं. सकाळच्या गड्याला समज जास्ती हाय."